शाईच्या गाण्याचं शेवटचं कडवं

कार्यक्रम संपला की आभार सुरू होतात, आणि आभार सुरू झाले की माझं डोकं फिरतं. मांडववाल्याचे आभार, माईकवाल्याचे आभार, नगरसेवकांचे दोनदा आभार, कारण पहिल्यांदा मानले तेव्हा ते पोचलेले नसतात. गायिकेचे आभार मानायची वेळ आली की चिटणीस मागे वळून हळूच विचारतो, "ताई, आडनाव काय तुमचं?" हे सगळं मी सहन केलं. पण ज्यानं गाणं लिहिलं त्याचे आभार मानलेले मला आठवत नाहीत. मंडळाच्या पोरांना यावरून मी कितीतरी वेळा फाडून खाल्लंय. आणि मग एक वर्ष असं आलं की त्या सगळ्यांच्या आधी मीच गुन्हेगार निघाले.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. दिवसा मी एका कंपनीत पॅकिंगला होते, आणि सुट्टीच्या दिवशी, रजेच्या दिवशी, कधी कधी खोट्या आजारपणाच्या दिवशी गायची. पेटी मी स्वतः वाजवायची आणि ढोलकीला नवरा. तो म्हणायचा, "बाहेर मी तुझ्या मागे बसतो, घरी तरी पुढं बसू दे." मागे कोरसला वस्तीतल्याच दोघीतिघी. जयंतीचा महिना आला की आम्हाला जेवायला फुरसत नसायची. सकाळी बुवापाड्याच्या विहारात, दुपारी उल्हासनगरच्या कुठल्या तरी कॅम्पात, संध्याकाळी बदलापूर. बाकीच्या वर्षात बारशी, हळदी, नामकरणं, पुण्यानुमोदन. गळा बसला तर लवंग आणि खडीसाखर, आणि तरी नाही सुटला तर त्याच गळ्यानं गायचं. माघार घेणं मला कधी जमलंच नाही.

आमच्या गाण्यांची एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी नाव घालतो. अमका म्हणे, तमका सांगे, असं. कवी म्हणजे कोणी पुस्तकवाला नाही. वेल्डर, शिपाई, गिरणीत साचे सांभाळणारा. त्याचं पुस्तक निघत नाही, फोटो छापून येत नाही. त्याची सगळी मालकी काय ती त्या एका ओळीत. म्हणून वेळ कमी असला तर मधलं कडवं गाळा, पण शेवटचं गाळायचं नाही, हे आम्हाला सूर शिकायच्या आधी शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

माझे कवी बदलापूरला मांजर्लीत राहायचे. मी त्यांना दादा म्हणायची. अंबरनाथच्याच एका कारखान्यात फिटर होते. तीन-चार वह्या भरतील एवढी गाणी त्यांनी लिहिली होती, आणि त्यातली निम्मी माझ्या तोंडात होती. दादांची पद्धत अशी की गाण्याची तीन कडवी आधी द्यायचे, चाल बसवून घ्यायचे आणि शेवटचं कडवं अगदी आयत्या वेळी चिठ्ठीवर लिहून आणायचे. म्हणायचे, "गाणं उभं राहिल्याशिवाय त्याच्यावर पाटी लावायची नाही."

ऐंशीच्या सुमाराला कॅसेटचं पेव फुटलं. उल्हासनगरात दुकानांच्या मागच्या खोल्यांत कॅसेटी निघायच्या. एका सिंधी शेठनी आम्हाला बोलावलं. खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि आम्ही घामानं निथळत दोन्ही बाजूंची गाणी भरतोय. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं दादांचं नवीन गाणं होतं. त्याचं धृपद असं:

आईच्या अंगठ्याची शाई
लेकीच्या बोटाला आली गं बाई

आई अंगठा लावणारी आणि लेक लिहिणारी, एवढंच त्यात आहे, पण चाल अशी की ऐकणारी प्रत्येक बाई स्वतःच्या अंगठ्याकडे बघायची. शेवटच्या कडव्याची चिठ्ठी दादांनी त्या सकाळी पहिल्या पाळीला जाताना अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर माझ्या हातात दिली होती. "वाचून ठेव," म्हणाले. मी घडी तशीच पर्समध्ये टाकली. म्हटलं, वेळ आली की बघू, वाचायला किती वेळ लागतो.

वेळ आली तेव्हा शेठ घड्याळ बघत होते. तिसरं कडवं संपत आलं तसा त्यांनी काचेमागून हात हलवला. गाणं थांबवलं. ते आत येऊन म्हणाले, "ताई, टेप खतम हो रहा है. लास्ट अंतरा काट दो. पब्लिकला मुखडा पाहिजे, साईं, नाव कोण ऐकतो?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठीक आहे."

हे दोन शब्द मला आजही बोचतात. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, रेशनच्या दुकानात, कंपनीच्या गेटवर, नळावर. आणि जिथे भांडायचं तिथे ठीक आहे म्हणाले. का, तर आपली कॅसेट निघणार होती. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, तसं झालं. आम्ही तीन कडव्यांवर गाणं संपवलं. परत येताना पर्समध्ये लवंगा सांडल्या, तर त्याच चिठ्ठीत मी त्या बांधल्या. आठवड्यात लवंगा संपल्या आणि कागद मोरीपाशी टाकून दिला. उघडून वाचलासुद्धा नाही.

कॅसेट निघाल्यावर दादांना दिली. दोन दिवसांनी पुलावर भेटले. "शेवटचं घेतलं नाहीस," म्हणाले.

"टेप संपत आली होती, दादा. शेठ म्हणाले म्हणून."

"माझ्या नावाचं काही नाही गं," दादा म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण पाळीचा भोंगा झाला आणि ते गेले.

मला तो टोमणा वाटला. कवी लोकांचं नाक लवकर लाल होतं, हे मला माहीत होतं. माझ्या नावाचं काही नाही म्हणणारा माणूस नावासाठीच रुसलेला असतो, असा माझा हिशोब. म्हटलं, होतील दोन दिवसांत सरळ. झालेही. पुढची गाणी त्यांनी दिली. त्या कडव्याचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. अळीमिळी गुपचिळी म्हणतात ते हेच.

शाईचं गाणं मग असं पसरलं की काय सांगू. रिक्षा स्टँडवर, हळदीला, बारशाला. कुठेही गेलं की आधी चिठ्ठी यायची, शाईचं गाणं म्हणा. लोकांच्या कानाला तीन कडव्यांची सवय लागली होती, तिसरं संपलं की टाळ्या. सुरुवातीला मी गाण्याआधी दादांचं नाव सांगायची. पुढे पुढे तेही राहून गेलं. मुद्दाम नाही. पण मुद्दाम नाही असं म्हणून सुटका होत नाही.

मधल्या एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. खिडकीच्या वरपर्यंत. माणसं वाचली, पण दादांच्या वह्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत निळा लगदा. दादा त्यावर हसून म्हणाले होते, "शाई नदीला मिळाली." त्यानंतर काही वर्षांनी, एका थंडीत, त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी एकदा बघायला गेले, बिस्किटाचे दोन पुडे ठेवले, अर्धा तास बसले, आणि कार्यक्रम आहे म्हणून उठले. कार्यक्रम खरंच होता. पण नसता तरी उठले असते. तो बोलका माणूस असा बघवत नव्हता.

आता त्या वर्षाकडे येते. नव्वदीची मधली वर्षं. जयंतीचा महिना दणक्यात झाला होता. बुवापाड्यात सकाळी, उल्हासनगरात भर दुपारच्या उन्हात उघड्या ट्रकवर, बदलापुरात सलग दोन दिवस. आणि त्याच महिन्यात आमच्या घरी भुसावळहून एका मंडळाचे चिटणीस आले. मे महिन्यात दहा दिवसांचा दौरा ठरवायला. मनमाड, चाळीसगाव, भुसावळ, पुढे अकोला. आमच्या जन्मात एवढा लांबचा दौरा नव्हता. मी कंपनीतल्या रजेचा अर्ज मनातल्या मनात लिहायला सुरुवातही केली.

चहा पिता पिता चिटणीस म्हणाले, "एक गाणं मात्र पाहिजेच. ते शाईचं. आमच्याकडच्या बुवांचं आहे, पण बाईच्या आवाजात चांगलं वाटेल."

"कुणाच्या बुवांचं?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली. लावली. माझंच गाणं, तीच चाल, पुरुषाच्या आवाजात. तीन कडवी झाली आणि चौथं आलं. कच्चं, ओढून ताणून जुळवलेलं, आणि त्यात त्या गाणाऱ्या बुवांनी स्वतःचं नाव घातलेलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कपाटातून आमची जुनी कॅसेट काढून त्यांच्यापुढे आपटली. हे गाणं आधी मी गायलंय, आणि लिहिलंय आमच्या दादांनी, मांजर्लीच्या.

चिटणीस भला माणूस. त्यांनी आमची कॅसेट शेवटपर्यंत ऐकली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, पण ह्याच्यात नाव कुठे आहे? बेवारस गाणं कुणीही उचलतो."

बेवारस. तो शब्द माझ्या घरात, माझ्या चहाच्या कपाशेजारी बसला, आणि मला त्याला उठवता येईना. ते गेल्यावर मी नवऱ्याला सांगून टाकलं, "शेवटचं कडवं मिळाल्याशिवाय मी मनमाडच्या गाडीत पाय ठेवणार नाही."

"वरातीमागून घोडं," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "अगं, दोन ओळी जुळव, दादांचं नाव घाल. त्यांचंच गाणं, त्यांचंच नाव. कोण विचारतंय?"

"मग त्या बुवांत आणि माझ्यात फरक काय?"

तो ढोलकीच्या दोऱ्या आवळायला लागला. माझं म्हणणं पटलं की तो नेहमी असंच करतो.

आधी मी उल्हासनगरला गेले. शेठचं कॅसेटचं दुकान राहिलं नव्हतं, तिथे आता रेक्झिनच्या पर्सा लटकत होत्या. शेठ म्हातारे झाले होते, पण त्यांनी ओळखलं. चहा मागवला, माळ्यावर चढून जुने खोके काढले, धुळीनं दोघं शिंकलो. कडवं टेपवर नव्हतंच तर खोक्यात कुठून येणार? पण त्यांनी शोधलं. शेवटी हात झटकत म्हणाले, "ताई, मैंने बोला काट दो. मैं तो धंदेवाला. आप ना बोलती, तो मैं टेप बदली करता. आपने ना बोलाच नाही."

त्यांनी हे चिडवायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. एवढी वर्षं मी मनात शेठला शिव्या घालत होते आणि दोष माझ्या दोन शब्दांत होता. मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले. जाताना त्यांनी एक पर्स देऊ केली, ती मी घेतली नाही.

राहिलं मांजर्ली. दादा बोलू शकत नव्हते, लिहू शकत नव्हते. राहिल्या वहिनी. वहिनी मुरबाडकडच्या, लहानपणापासून कष्टात वाढलेल्या, बोलायला फटकळ. दारात मला बघून तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "वाट चुकलीस का बाय?"

मी मुकाट्यानं आत गेले. दादा खाटेवर होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तेच. मी त्यांच्यापुढे सगळं सांगितलं. चिठ्ठी, लवंगा, मोरी, भुसावळचे बुवा, सगळं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलले. दादांनी डोळे मिटले आणि उघडले. मग मी वहिनींना विचारलं, शेवटचं कडवं आठवतं का?

"मला काय ठावं गानी बिनी? मी अंगठेबहाद्दर. वह्यांत व्हतं, वह्या पान्यात गेल्या," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन उठल्या. दादांनी चांगल्या हातानं खाटेच्या दांडीवर थाप मारली. वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला कळलं, या दोघांत काहीतरी आहे आणि मला सांगायचं नाही.

मीही हट्टी. दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर परत गेले. तिसऱ्या दिवशी परत. नवरा म्हणाला, आता तिथेच रेशनकार्ड काढ. गेले की मी कडव्याचा विषय काढायची नाही. भांडी घासायची, दादांना पेज भरवायची, वहिनींच्या शिव्या खायच्या. खरं सांगायचं तर पहिल्या दोन दिवसांनंतर मी फक्त कडव्यासाठी जात नव्हते. ते मला फार आधी करायला हवं होतं आणि मी केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वहिनी दादांच्या उजव्या हाताला तेल चोळत होत्या. मी उंबऱ्यात चहा घेऊन बसले होते. चोळता चोळता त्या गुणगुणायला लागल्या, हाताच्या लयीत, जात्यावर बसल्यासारख्या. शाईचंच गाणं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मी कप खाली ठेवला. तिसरं संपलं आणि त्या थांबल्या नाहीत. पहिली ओळ ओठातल्या ओठातच गिळली, आणि मग ऐकू आलं:

हूं हूं हूं म्हणे, पुसू नका गं
अंगठ्याची ही शाई

"वहिनी!" मी ओरडलेच. त्या दचकल्या, तेलाची वाटी कलंडली. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"नावाच्या जागी हूं हूं का करता?" मी विचारलं, आणि विचारल्यावर मलाच हसू आलं. जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव घेत नव्हती. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात 'हे' आणि 'आमचं मानूस' याखेरीज दादांना काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "बरं, तुम्ही नका घेऊ. मी घेते," म्हणाले, आणि चालीत दादांचं नाव घालून ओळ म्हटली.

अडखळली. दादांचं नाव चार अक्षरी आणि वहिनींच्या गुणगुणण्यात जागा तीनच अक्षरांची. मी परत म्हटलं, घाईत, नाव दाबून. दादांनी दांडीवर थाप मारली. एकदा नाही, तीनदा. मान हलवत होते, नाही, नाही. मग त्यांनी तो तेल लागलेला, न हलणारा हात डाव्या हातानं उचलला आणि वहिनींच्या मांडीवर ठेवला.

वहिनींनी पदर तोंडात धरला.

"वहिनी," मी म्हटलं, "आधीची ओळ म्हणा."

त्या म्हणेनात. दादा दांडी ठोकत राहिले. शेवटी भिंतीकडे तोंड करून, गाणं न म्हणता नुसतं सांगितल्यासारखं त्या बोलल्या:

कागद माझा, लेखणी माझी, बोल परी हा माझा नाही

आणि पुढे स्वतःचं तीन अक्षरांचं नाव. मग, म्हणे, पुसू नका गं, अंगठ्याची ही शाई.

मग वहिनींनी एकेक सांगितलं. "थोरल्या पोरीला शाळंत घातली तवा मास्तरनं कागदावर अंगठा घेतला माजा. घरी येऊन राखेनं घासते, घासते, शाई जाईना. तेवढ्यात पोरगी आली, वहीत गिरवून, बोट निळं. मी म्हनले, बघा, माज्या अंगठ्याची शाई हिच्या बोटाला आली गं बाई. बस, येवढंच बोलले. हे जेवत व्हते, ताटावरून उठले आन् लिहाया बसले."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"लोक हसतील ना. बाईचं नाव असतंय का कुठं कडव्यात? मी यांना म्हनले व्हते, काढून टाका. हे काय ऐकत्यात? म्हनाले, तुजी वळ हाय, तुजंच नाव लागंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कॅसेट आली तवा दोघं बसलो ऐकाया. मी पदर नीट केला व्हता बाय, कोन बघनार व्हतं म्हना. आन् गानंच संपलं."

त्या वाक्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात कधी वाटली नाही. "माझ्या नावाचं काही नाही गं," असं पुलावर म्हणालेला माणूस टोमणा मारत नव्हता. तो खरं तेच सांगत होता, आणि मी त्याला रुसका कवी ठरवून मोकळी झाले होते. मी वहिनींचे पाय धरले. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, "ऊठ, तेल पुसून घे, साडी गेली तुजी."

मी तिथेच दादांसमोर सांगितलं: हे कडवं आता गाळायचं नाही. माईक बंद पडला तरी नाही, मंत्री आला तरी नाही.

दौऱ्याला निघायच्या आधीच्या रविवारी बदलापूरच्या विहारात दुपारी चार वाजता आमचा कार्यक्रम होता. वहिनींची अट होती, यांना नेशील तर मी येईन. आम्ही दादांना रिक्षातून आणलं, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. वंदना झाली, चार गाणी झाली, आणि मी शाईचं गाणं घेतलं. तिसरं कडवं संपलं तशा सवयीनं टाळ्या पडल्या. बायका पोरांना आवरून उठायलाही लागल्या.

मी पेटीवरचा हात उचलला. "बसा खाली. हे गाणं संपलेलं नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला अर्धवट गाणं ऐकवलं, त्याची माफी मागते. आज पूर्ण ऐका."

आणि गायले. वहिनींचं नाव आलं तेव्हा मी ते एकदा नाही, तीनदा घोळवून घेतलं. कोरसच्या बायकांनी ते उचललं, नवऱ्यानं ढोलकीवर असा काही तुकडा मारला की घरी पुढं बसायची परवानगी मी त्याला मनातल्या मनात देऊन टाकली. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या, आणि दादा डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर ताल धरत होते. कुठेही चुकले नाहीत.

गाणं संपलं आणि विहाराचे चिटणीस आभाराचा कागद घेऊन उभे राहिले. मी माईक सोडला नाही. म्हटलं, "आज आभार वहिनी मानतील."

"मी? याड लागलं का हिला," वहिनी तिथूनच म्हणाल्या, आणि सगळी सभा हसली. पण आजूबाजूच्या बायकांनी त्यांना उठवलंच. त्या माईकपाशी आल्या. माईककडे त्यांनी जरा संशयानं बघितलं. मग म्हणाल्या, "हिनं माजं नाव घेतलं. पन माजी येकच वळ हाय. बाकीचं समदं गानं लिवलं त्ये..."

आणि थांबल्या. मला वाटलं, आता 'आमचं मानूस' म्हणतील. त्यांनी दादांकडे बघितलं आणि दादांचं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. सगळं, खणखणीत. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं "अगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवला. दादांचं लकव्यानं वाकडं झालेलं तोंड हसताना आणखी वाकडं झालं. मी पेटीवर डोकं टेकून रडले, आणि लपवलं नाही.

मग आम्ही दौरा केला. मनमाड, चाळीसगाव, भुसावळ, अकोला. दहा दिवसांत अकरा कार्यक्रम, एक तर बसलेल्या गळ्यानं. प्रत्येक ठिकाणी शाईचं गाणं, चारही कडव्यांचं. भुसावळला लोक विचारायला लागले, ही बाई कोण? मी सांगायची, मांजर्लीला राहते, तांदूळ निवडते, फटकळ आहे. त्या बुवांशी मी भांडले नाही. गरजच पडली नाही. त्यांचं कडवं माझ्या कडव्यापुढे उभं राहिलं नाही, एवढंच.

हे लिहायला घेतलं तेव्हा वहिनींना विचारलं, तुमचं नाव घालू का? त्या म्हणाल्या, "कागदावं नगं बाय. कागद पान्यात जातो, तू पाह्यलंस. तू म्हन." म्हणून इथे त्यांचं नाव नाही आणि दादांचंही नाही. ज्याला हवं असेल त्यानं माझ्या कार्यक्रमाला यावं, समोर बसावं, आणि तिसऱ्या कडव्यानंतर उठू नये.